प्रवणता : चढ किती आणि कोणत्या दिशेने?

कुळेहून कॅसलरॉककडे चढणाऱ्या जड मालगाड्यांना ब्रागांझा घाटात जादा इंजिने जोडावी लागतात. तेथे साधारण ३७ मीटर अंतरामागे लोहमार्ग १ मीटर उंची गाठतो. कोकण रेल्वेची आखणी करताना हे प्रमाण १५० मीटरला १ मीटर या मर्यादेत राखले गेले आणि त्याची किंमत बोगदे व उंच पुलांच्या रूपाने मोजावी लागली. अंतराच्या प्रमाणात होणाऱ्या अशा बदलाला प्रवणता, अर्थात ग्रेडियंट, म्हणतात. टक्केवारीत ब्रागांझा घाटाचा चढ २.७, तर कोकण रेल्वेचा ०.६७ भरतो. शंभर टक्के चढ म्हणजे उभा कडा, असा एक गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात तो ४५ अंशांचा कोन असतो.

गणितात प्रवणतेला परिमाणाबरोबर दिशाही असते. डोंगरावरील कोणत्याही बिंदूपाशी ती सर्वाधिक चढाची दिशा दाखवते आणि समोच्च रेषेला काटकोनात असते. म्हणूनच शिखराच्या अगदी माथ्यावर उंची सर्वाधिक असली, तरी प्रवणता शून्य होते. उंची आणि प्रवणता या दोन गोष्टींची गल्लत नेमकी येथेच होते.

हवामानशास्त्रातही हाच भेद निर्णायक ठरतो. एखाद्या ठिकाणचा वायुदाब किती, यापेक्षा तो शेजारच्या प्रदेशाच्या तुलनेत किती वेगाने बदलतो, यावर वाऱ्याचा जोर अवलंबून असतो. नकाशावर समदाब रेषा एकमेकींना खेटून आल्या, की किनाऱ्यावरील मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा मिळण्याची शक्यता वाढते. पृथ्वीच्या परिवलनामुळे वारा वळतो खरा. पण त्याला मूळ रेटा मिळतो तो दाबाच्या प्रवणतेतूनच.

जमिनीखाली हीच राशी उष्णतेची वाट दाखवते. हैदराबादच्या तारनाका-हबशीगुडा पट्ट्यात १९६१ साली स्थापन झालेली राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आहे. तेथील संशोधक खोल विंधन विवरांत तापमापक सोडून ठरावीक अंतरावर नोंदी घेतात. खोली आणि तापमान यांच्या आलेखाचा उतार म्हणजे भूतापीय प्रवणता. तिला खडकाच्या उष्णता-वाहकतेने गुणले, की पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेचे मोजमाप मिळते. उष्णता मात्र नेहमी प्रवणतेच्या उलट, म्हणजे कमी तापमानाकडे वाहते. जगात सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीस २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढ आढळते. दक्षिण भारतातील धारवाडच्या पुरातन खडकांत ती बरीच कमी आहे. गोव्याचा बहुतांश भूभागही याच खडकांच्या कुळातला.