बुधवारातून गंज पेठेकडे : जुन्या पुण्याचे एक वाचन

जुन्या शहरातून पायी हिंडणे म्हणजे एखादी संहिता वाचणे, असे म्हणण्याची आता रीतच पडली आहे. ही उपमा गांभीर्याने घ्यायची, तर पुढचे प्रश्नही विचारावे लागतात. या संहितेचे संपादन कोणी केले? तिच्यातली कोणती पाने ठळक छापली गेली आणि कोणती गळाली? पुण्याच्या मध्यवस्तीतून निघणारी वारसा-फेरी सहसा शनिवारवाड्यापासून सुरू होते आणि लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, मंडई असे टप्पे घेत विश्रामबागवाड्यापाशी थांबते. हा क्रम सोयीचा आहे. पण मराठीच्या अभ्यासकाला तो पुरेसा आहे का, हे तपासून पाहायला हवे.

शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावाने जानेवारी १७३० मध्ये घातला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १७७३ साली नारायणरावाचा खून येथेच झाला, आणि १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांचे निशाणही याच वाड्यावर चढले. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. उरले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. म्हणजे प्रेक्षक दिल्ली दरवाजातून आत शिरतो, तेव्हा त्याच्यासमोर वाडा नसतोच. असते ती वाड्याची रिकामी जागा. ती जागा भरून काढण्याचे काम बखरी, नाटके, कादंबऱ्या आणि दंतकथा यांनी केले आहे. येथे दगडापेक्षा शब्दच अधिक टिकाऊ ठरला.

विश्रामबागवाड्याची गोष्ट वेगळी. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा वाडा त्याच्या कोरीव लाकडी दर्शनी भागासाठी आणि सुरूदार खांबांसाठी दाखवला जातो. साहित्याच्या दृष्टीने मात्र त्याचे खरे महत्त्व १८२१ सालात आहे. पेशवाईत श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. त्या दक्षिणेच्या निधीतूनच कंपनी सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. राज्य बदलले, पण विद्येवरचा खर्च कोणासाठी, हा प्रश्न जुन्याच वाटेने पुढे आला.

या प्रश्नाला तोंड फुटले ते बुधवार पेठेत. १८४८ हे वर्ष येथे फार दाटीवाटीचे आहे. १ जानेवारीला भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी जवळच्या बुधवार वाड्यात ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ उभी राहिली; आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गोपाळ हरि देशमुख त्याच साली ‘प्रभाकर’मधून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहू लागले. वाचणारी मुलगी, वाचायला मिळणारे पुस्तक आणि वाचकाला उद्देशून लिहिलेले खडे गद्य या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात आणि जवळजवळ एकाच मोहल्ल्याच्या आधाराने आकाराला आल्या. मराठी गद्याच्या इतिहासात आपण मुद्रणाचा आणि मिशनऱ्यांचा उल्लेख करतो, तो योग्यच आहे. पण या गल्लीचाही करायला हवा.

१८४९ मध्ये लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी खर्च व्हावा. सनातन्यांनी त्याला विरोध केला. तरीही पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. धर्मादायाचे रूपांतर ग्रंथपुरस्कारात होणे ही मोठी सांस्कृतिक घटना होती. पण बक्षीस कोणाला द्यायचे, हे ठरवणारे हात फारसे बदलले नाहीत. १८५५ मध्ये फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले. ते नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांमुळे तसे झाले, अशी नोंद त्यांनी स्वतः ‘गुलामगिरी’त (१८७३) केली आहे. ते नाटक छापील स्वरूपात वाचकांसमोर आले १९७९ मध्ये. मधल्या सव्वाशे वर्षांत आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास त्याच्यावाचूनच लिहिला आणि शिकवला गेला.

मंडईपाशी हाच विरोधाभास दगडात उभा आहे. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने खुली झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना फुले यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. आज ती महात्मा फुले मंडई आहे. नाव देणे हा गौरव खरा, पण त्या नावाच्या माणसाचे म्हणणे नावाखाली झाकलेही जाते.

बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला. भिडे वाड्याची पडझड दीर्घकाळ न्यायालयीन वादात अडकली. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय स्मारकासाठी, तो पाडण्यात आला. जीर्ण इमारत वाचवणे शक्य होते की नाही, हा तज्ज्ञांचा विषय. परंतु पेशव्यांच्या वाड्याचे नुसते जोतेही जपले जाते आणि पहिल्या शाळेचा वाडा मोडकळीस येईपर्यंत कोणाच्या फेरीत नीट येत नाही, यातला फरक केवळ बांधकामाच्या टिकाऊपणाचा नाही. वारसा म्हणून काय पाहायचे, हे आपण आधीच ठरवलेले असते. मग डोळे तेवढेच पाहतात.

म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांनी ही फेरी विश्रामबागवाड्यापाशी संपवू नये. तेथून बुधवारात यावे, दगडूशेठ गणपतीसमोरची भिडे वाड्याची जागा पाहावी आणि मग पूर्वेकडे गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, जावे. तेथे फुले यांचे राहते घर आहे, आणि १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद आहे. सोबत ‘तृतीय रत्न’ची प्रत असावी. जोशी, विदूषक, पाद्री आणि कुणबी जोडपे यांचे संवाद त्या अंगणात मोठ्याने वाचले, तर दक्षिणेच्या निधीपासून या हौदापर्यंतचे अंतर चालण्याच्या मिनिटांत मोजता येत नाही, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.