वेंगडमची साडी आणि मद्रासचा संप

परवा शनिवारी रूममेटच्या आग्रहाखातर प्रियदर्शनचा 'कांचीवरम' पाहिला. रूममेट तमिळ, त्यामुळे सबटायटल्सच्या जोडीला फुकटची कॉमेंट्रीही होती! २००७ सालासाठीचे सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता (प्रकाश राज) हे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाले होते.

वेंगडम हा कांचीपुरमचा रेशीम विणकर. मुलगी झाली तेव्हा 'हिचं लग्न रेशमी साडीत लावीन' असा शब्द देऊन बसतो. पण रेशीम मालकाचं, याच्या हाती फक्त मजुरी. जन्मभर भरजरी विणूनही घरात एक साडी येणं शक्य नाही. मग रोज थोडं रेशीम तोंडात लपवून तो घरी आणतो आणि रात्री चोरून साडी विणतो. पुढे गावात कम्युनिस्ट विचार येतात, हाच वेंगडम विणकरांचा पुढारी होतो, संप होतो. आणि नेमकं तेव्हाच मुलीचं लग्न ठरतं. माग बंद म्हणजे रेशीम बंद, साडी तर अपुरीच. शेवटी वेंगडमच संप मागे घ्यायला लावतो.

"फितूर साला!" मी म्हणालो. रूममेट शांतपणे म्हणाला, "आमच्या बिन्नी मिलचा संप वाच आधी."

वाचला. मद्रासच्या पेरांबूर भागात बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापड गिरण्या होत्या, कारभार बिन्नी कंपनीचा. जेवणाची सुट्टी तोकडी, वरिष्ठांची दमदाटी रोजची. २७ एप्रिल १९१८ ला तिथे मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. भारतातली पहिली आधुनिक कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. अध्यक्ष होते बी. पी. वाडिया, मुंबईत जन्मलेले पारशी आणि अॅनी बेझंट यांचे सहकारी.

१९२० मध्ये कंपनी हायकोर्टात गेली. वाडिया कामगारांना करार मोडायला चिथावतात, असा तिचा दावा होता. कोर्टाने मनाईहुकूम दिला. म्हणजे संपाची हाक देणं हाच गुन्ह्यासारखा प्रकार झाला. मग १९२१ मध्ये आपल्या ना. म. जोशींनी केंद्रीय विधिमंडळात युनियनला संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन अॅक्ट आला.

पण मला अडवलं ते १९२१ च्या संपाने. तो काही महिने चालला आणि फुटला तो आतून. आदिद्रविड (म्हणजे दलित) कामगार मोठ्या संख्येने कामावर परतले. सवर्ण हिंदू आणि मुस्लिम कामगार बाहेरच राहिले. पुलियंतोप भागात दंगली झाल्या, गोळीबार झाला, माणसं मेली. मालक आणि सरकार यांनी या फुटीचा फायदा घेतला, हे खरंच. पण सगळ्यात गरीब असलेल्या आणि एरवी ज्यांची सावलीही नको होती, अशा माणसांनी कोणाच्या भरवशावर महिनोन् महिने उपाशी राहायचं?

कोर्टापासून वाचवणारा कायदा करता येतो, ना. म. जोशींनी तो करायला लावला. पण ज्याची अडचण सभेत उठून सांगताच येत नाही, त्याचं काय? वेंगडम काय सांगणार होता, मी चोरी करतो म्हणून?

असो. आता माझं. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने नाइट शिफ्टच्या भत्त्यासाठी सगळ्यांच्या नावाने एक मेल पाठवायचं ठरवलं. आयत्या वेळी मी नाव काढून घेतलं. माझं ऑनसाइट अडकलं होतं, घराचा हप्ता सुरू व्हायचा होता आणि हे कोणाला सांगायची लाज वाटली. मेल गेलाच नाही.

शनिवारी 'फितूर' म्हणताना हे आठवलं नव्हतं. रविवारी आठवलं.