नाच्या आणि प्रेक्षक

नारायणगावी पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या पडून गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. याच तमाशाच्या फडावर स्त्रिया येण्यापूर्वी पायांत चाळ बांधून नाचे तो स्त्रीवेशातला नाच्या पोऱ्याच. पुढे पवळाबाई हिवरगावकरांसारख्या कलावती आल्या आणि नाच्याच्या वाट्यास मुख्यत्वे थट्टामस्करी उरली. परंतु ज्या रसिकवर्गाने रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची नेसण घरच्या स्त्रियांस अनुकरणीय मानली, त्याच्याच वारसांनी चित्रपटांत नाच्या साकारणाऱ्या गणपत पाटील यांच्या पुरुषत्वाविषयी त्या भूमिकेतील लचकत्या हातांवरून परस्पर निकाल द्यावा, हा न्याय अजब खरा! पाटील संसारी गृहस्थ होते. ते तसे नसते, तरीही त्यांच्या हेटाळणीचे मुखत्यारपत्र प्रेक्षकांस कोणी दिले नव्हते. २००८ साली ते निवर्तले. कुत्सित कुजबुज मात्र हयातभर त्यांच्या पाठीस लागून राहिली.