फुप्फुस-झडप उपचार : रुग्णनिवड

तीव्र वातस्फीतीत (एम्फिसीमात) वायुकोशांच्या भिंती नष्ट होऊन फुप्फुसात हवा अडकून राहते. छाती न उघडता, ब्राँकोस्कोपमधून श्वासनलिकेत एकमार्गी झडपा बसवून सर्वांत निकामी खंड मिटवतात. त्यामुळे उरलेल्या भागाला व श्वासपटलाला जागा मिळते. अशा झडपेला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली.

निकष : औषधे व श्वसनव्यायाम करूनही दम लागणे, धूम्रपान किमान चार महिने बंद असणे, पहिल्या सेकंदातील उच्छ्वास अपेक्षित मानाच्या साधारण 15 ते 45 टक्के, पूर्ण उच्छ्वासानंतर उरणारी हवा किमान 175 टक्के, सहा मिनिटांत 100 ते 500 मी. चालता येणे. निर्णायक कसोटी खंडांमधील भेगेची. सीटी स्कॅनमध्ये ती अपुरी दिसल्यास शेजारच्या खंडातून हवा शिरत राहते आणि झडप निरुपयोगी ठरते. फुप्फुसाभोवती हवा साठणे हा मुख्य धोका असल्याने रुग्णाला काही दिवस रुग्णालयातच ठेवतात.

खानदेशातील संदर्भ : धरणगावसारख्या कापूसपट्ट्यात पऱ्हाट्या व तुराट्या चुलीचे सरपण असतात. चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत (श्वसनमार्गाच्या दीर्घकालीन अवरोधी विकारात) श्वासनलिकांचा बिघाड जास्त, वातस्फीती तुलनेने कमी आढळते. म्हणून धूम्रपान न केलेल्या अनेक स्त्रियांना झडपेचा उपयोग होण्याची शक्यता कमी असते. जुन्या क्षयाचे मोठे व्रणही आड येतात. सरसकट ‘दमा’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या देण्याआधी स्पायरोमेट्री (श्वासमापन चाचणी) करणे, हीच योग्य निवडीची पहिली पायरी होय.