पासोडी आणि पंचांग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अंबाजोगाईला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. योगेश्वरीचे दर्शन घेतले, मुकुंदराजांच्या समाधीकडे जाऊन आले, की पावले दासोपंतांच्या स्थानाकडे वळतात. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. मूळचे नारायणपेठचे, बिदरकडच्या मुलखातले. पण आयुष्याचे मोठे काम त्यांनी अंबाजोगाईत केले. त्यांची प्रसिद्ध ‘पासोडी’ म्हणजे सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असे कापड. त्यावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय ओव्यांमध्ये लिहिला. शिवाय त्यांचा ‘गीतार्णव’ हा गीतेवरचा टीकाग्रंथ परंपरा सव्वा लाख ओव्यांचा सांगते. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते.

आता एक साधा प्रश्न विचारू या. एवढे अफाट लिहिणाऱ्या माणसाचे नाव महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण वाचकाला किती ठाऊक आहे? ज्ञानेश्वरी घरोघर आहे, दासबोध घरोघर आहे. गीतार्णव मात्र अभ्यासकांच्या कपाटापलीकडे फारसा गेला नाही. याची कारणे अनेक आहेत, भाषेची आणि विस्ताराचीही आहेत. पण एक कारण अगदी व्यवहारातले आहे. सव्वा लाख ओव्यांची नक्कल कोण करणार? चाळीस फुटांची पासोडी दुसऱ्या गावी कशी नेणार? ज्ञानेश्वरीला आणि दासबोधाला नकला करणारे, पारायणे करणारे, मठामठांतून पोथ्या नेणारे लोक मिळाले. म्हणजे आजच्या भाषेत वितरणाची यंत्रणा मिळाली. ग्रंथ लिहून झाला म्हणजे अर्धे काम झाले. तो वाचकाच्या हातात पोचवणे हे उरलेले अर्धे काम. प्रकाशन व्यवस्थापन नावाचा जो विषय आज विद्यापीठांतून शिकवला जातो, त्याचा गाभा या उरलेल्या अर्ध्या कामात आहे.

मराठीत हे काम पहिल्यांदा कोण शिकले? आश्चर्य वाटेल, पण ते पंडित नव्हते. गणपत कृष्णाजी हे मुंबईचे भंडारी समाजातले कारागीर. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी छपाईची कला पाहिली, हस्तगत केली आणि स्वतःचा शिळाप्रेस उभा केला. १८३१ साली त्यांनी मराठी पंचांग छापले. छापील कागदाला हात लावावा की नाही, अशी शंका त्या काळी सोवळ्या घरांत होती, कारण शाईत चरबी असते असा समज होता. म्हणून त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगतात. ग्राहकाची अडचण ओळखून मालात बदल करणे यालाच आज बाजारपेठेचा अभ्यास म्हणतात. आणि त्यांनी वस्तू तरी कोणती निवडली पाहा. पंचांग! प्रत्येक घराला लागणारे आणि दर गुढीपाडव्याला जुने होणारे. पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक आधीच ठरलेले.

त्यांच्यानंतरचे मोठे नाव जावजी दादाजी यांचे. जन्म १८३९. लहानपणी ते त्याच मिशनच्या छापखान्यात महिना दोन रुपयांवर टाइप घासण्याच्या कामाला लागले. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचे पंचांग घरोघर गेले आणि निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांना पंडितांमध्ये मान मिळाला. एकीकडे हमखास खपणारे पंचांग, दुसरीकडे सावकाश खपणारे विद्वत्तेचे ग्रंथ. ही जोडी सांभाळणे म्हणजेच प्रकाशकाचा हिशेब. जावजींनी तो कोणत्याही महाविद्यालयात शिकलेला नव्हता. छापखाना हेच त्यांचे महाविद्यालय होते.

मग बीडकडे, मराठवाड्याकडे काय चालले होते? आपला भाग १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद. मुंबई-पुण्यात छापखान्याची शंभर वर्षे होत आली, तेव्हा इथे मराठी शाळा चालवणे हेच आंदोलन होते. स्वामी रामानंद तीर्थांनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत जे काम केले, ते त्याच काळातले. १९३८ साली आनंद कृष्ण वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले. निजाम सरकारने बंदी घातली, की ते नाव बदलून राज्याबाहेरून निघे आणि हद्दीत येई. छापणे सोपे आणि पोचवणे कठीण, हा धडा मराठवाड्याने असा जोखीम पत्करून शिकला. विद्यापीठ तर आपल्याला १९५८ साली मिळाले.

जगात मात्र हे शिक्षण आधीच सुरू झाले होते. जर्मनीतले लाइपझिग हे ग्रंथव्यापाराचे माहेरघर. तिथे ग्रंथविक्रेत्यांनी १८५३ साली आपल्या उमेदवारांसाठी शाळा काढली. अमेरिकेत रॅडक्लिफ महाविद्यालयात १९४७ साली पदवीधरांसाठी प्रकाशनाचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. पुढे तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठाने १९८२ साली प्रकाशनविद्येचे केंद्र उघडले. आपल्या देशात १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्ट स्थापन झाले आणि त्याने पुढे प्रशिक्षणवर्ग घेतले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तर ग्रंथप्रकाशनाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने तयार केली, म्हणजे शिकण्यासाठी गाव सोडण्याची अट उरली नाही.

या वर्गांत शिकवतात तरी काय? एक सोपा हिशेब मांडतो. आकडे नुसते समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, एका पुस्तकाच्या अक्षरजुळणीला, मुद्रितशोधनाला, मुखपृष्ठाला मिळून चाळीस हजार रुपये लागले. हा खर्च एक प्रत काढा की दोन हजार, तेवढाच. कागद, छपाई आणि बांधणी यांना दर प्रतीमागे साठ रुपये. पाचशे प्रती काढल्या तर एक प्रत एकशे चाळीस रुपयांना पडते. दोन हजार काढल्या तर फक्त ऐंशीला. मोह कुठे होतो ते दिसले ना? पण दोन हजारांतल्या पाचशेच खपल्या, तर एक लाख साठ हजारांचा सगळा खर्च त्या पाचशेंवर बसतो. म्हणजे खपलेली प्रत तीनशे वीस रुपयांना पडली! यात विक्रेत्याची सूट, लेखकाचे मानधन, टपालखर्च अजून धरलेला नाही. किती प्रती काढायच्या हा एकच निर्णय प्रकाशकाला तारतो किंवा बुडवतो.

आमच्याकडे हे गणित फार जवळून दिसते. शिक्षक असलेला एखादा कवी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो, हजार प्रती छापतो, थाटात प्रकाशन होते, शंभर प्रती भेट जातात. उरलेल्या माळ्यावरच्या ट्रंकेत. कविता वाईट असते असे नाही. तिला प्रकाशक मिळालेला नसतो, मिळालेला असतो तो फक्त छापखाना. दोन्हींमधला फरक कळणारा एक पदवीधर जरी तालुक्याला असता, तरी त्या घरातली शिल्लक आणि ते पुस्तक दोन्ही वाचले असते.

आणि इथल्या माणसाला जे कळेल ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अनेकांची मुलेही बरोबर जातात. शहरातला ग्रंथव्यवहार दिवाळीचा हंगाम धरून चालतो. आपल्या गावांत नेमकी तेव्हा घरे बंद होतात. इथे मुलांचे पुस्तक पोचवायचे असेल तर ते पाडव्यानंतर गावात न्यावे लागेल, नाहीतर हंगामात कारखान्याच्या तळावर. ‘ग्रंथाली’च्या मंडळींनी सत्तरच्या दशकात वाचक सभासद आधी गोळा करून पुस्तके काढली आणि ग्रंथयात्रा नेल्या. वाचक दुकानात येत नसेल तर पुस्तकाने वाचकाकडे जावे, हे त्यांनी दाखवून दिले. १९८३ साली अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. संमेलन तीन दिवसांत आटोपते. गावातले ग्रंथालय आणि शाळा वर्षभर असतात. गिऱ्हाईक तिथे शोधले पाहिजे.

म्हणून पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. मराठीची किंवा वाणिज्याची पदवी झाली म्हणजे शिक्षकाची जागा किंवा स्पर्धापरीक्षा एवढ्या दोनच वाटा नाहीत. प्रकाशनाचे शिक्षण घेता येते. त्यात संपादन आहे, हिशेब आहे, स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा आहे, आणि आता संगणकामुळे शंभर प्रतींची आवृत्तीही काढता येते. पगार पहिल्या दिवशी डोळे दिपवणारा नसेल, हेही खरेच सांगतो. पण पदविकेच्या आधी किंवा नंतर सहा महिने एखाद्या छापखान्यात आणि सहा महिने पुस्तकांच्या दुकानात काढा. जावजींनी टाइप घासले होते, हे विसरू नका.

दासोपंतांनी कापडावर लिहिले. त्यांचे काम त्यांनी चोख केले. पुढचे अर्धे काम चारशे वर्षे आपल्याकडे शिल्लक आहे.