माहिती-साक्षरता : शोधण्याकडून वाचण्याकडे

साक्षरतेची व्याख्या केली की निरक्षर कोण, हेही त्याच वेळी ठरून जाते. अमेरिकी उच्चशिक्षणातील 'माहिती-साक्षरता' या संकल्पनेचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. ही संज्ञा विद्यापीठात जन्मली नाही. माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष पॉल झुर्कोव्स्की यांनी ग्रंथालयविषयक राष्ट्रीय आयोगासाठी १९७४ साली लिहिलेल्या अहवालात ती आढळते. आपल्या कामात माहितीची साधने वापरण्याचे शिक्षण मिळालेली व्यक्ती साक्षर, असा तिचा मूळ आशय होता. माहितीकडे येथे प्रामुख्याने व्यवसायाचे साधन म्हणूनच पाहिले गेले.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ च्या अहवालात तिचा संबंध नागरिकत्वाशी आणि आजीवन शिक्षणाशी जोडला. माहितीची गरज ओळखणे, ती शोधणे, पारखणे व वापरणे या क्षमता तिने सांगितल्या. २००० साली महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने उच्चशिक्षणासाठी ५ मानके आणि २२ निर्देशक सिद्ध केले. त्यांच्या आधारे ग्रंथपालांना अभ्यासक्रमात आपले स्थान मागता आले, हे नाकारता येत नाही. परंतु मोजमापाच्या सोयीबरोबर एक गृहीतकही दृढ झाले : माहिती आधीच सिद्ध असते, वाचक केवळ तिच्यापर्यंत पोचतो.

जेम्स एल्मबोर्ग यांनी २००६ साली पाउलो फ्रेइरे यांच्या शिक्षणविचाराचा आधार घेऊन या दृष्टीची चिकित्सा केली. पुढे २०१५ च्या 'चौकटी'ने निर्देशकांऐवजी ६ संकल्पना मांडल्या आणि २०१६ मध्ये जुनी मानके रद्द झाली. प्रामाण्य हे घडविलेले व संदर्भसापेक्ष असते, विद्याव्यवहार हा संवाद असतो, ही त्यांतील विधाने साहित्यसमीक्षेला परकी नाहीत. संहितेत कोण बोलतो आणि कोणत्या अधिकाराने बोलतो, हा समीक्षेचा जुना प्रश्न अशा रीतीने ग्रंथालयातही विचारला जाऊ लागला.

मात्र 'घडविलेले' म्हणजे 'खोटे' नव्हे. एवढा भेद निसटला, तर विद्यार्थी सर्वच आधार सारखे संशयास्पद मानू लागेल, आणि परीक्षित ज्ञान व बेधडक विधान त्याच्या लेखी एकाच पातळीवर येतील. प्रामाण्य कसे घडले, कोणत्या परीक्षणातून गेले, त्यात कोणाला वगळले गेले, हे तपासता येते. म्हणूनच आधारांत तरतमभाव करता येतो. हा विवेक निर्देशकांच्या यादीत मावत नव्हता. नव्या चौकटीनेही तो आपोआप येत नाही. आपापल्या विषयातील संहिता वाचतानाच तो अंगी बाणतो, आणि म्हणून ती जबाबदारी एकट्या ग्रंथपालावर सोपविता येत नाही.