मर्थरचें दुसरें मत



निवडणुकांचा इतिहास म्हटला कीं विजयी उमेदवारांची जंत्री आणि मतांचे रुक्ष आंकडे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु हेच आंकडे लक्षपूर्वक पाहिले, तर त्यांतून एखाद्या गांवाचें मन वाचतां येतें. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडव्हिल हा असाच एक मतदारसंघ आहे. सामान्य माणसाचें मत खरोखर कोणाचें असतें, त्याच्या धन्याचें, त्याच्या पक्षाचें, कीं त्याचें स्वतःचें, हा प्रश्न या गांवानें पुनःपुन्हां विचारला आणि दर वेळीं त्याचें निराळें उत्तर दिलें.

टॅफ नदीच्या खोऱ्यांतील हें गांव लोखंडाच्या भट्ट्यांनीं वाढविलें. कव्हार्थवा येथें क्रॉशे घराण्याचा व डौलेस येथें गेस्ट घराण्याचा कारखाना होता. १८३१ च्या जून महिन्यांत मजुरींतील कपात व कर्जबाजारीपणा यांनीं गांजलेले कामकरी रस्त्यावर आले. सैन्यानें त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि डिक पेंडेरिन या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका तरुण कामगारास ऑगस्टमध्यें कार्डिफ येथें फांशी देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं सुधारणा कायद्यानें मर्थरला पार्लमेंटांत एक जागा मिळाली. मात्र मताचा अधिकार मिळाला तो सुमारें पांचशें लोकांना! त्यांनीं डौलेसचे मालक जॉन जोसाया गेस्ट यांना निवडलें आणि १८५२ मध्यें ते वारले तोंपर्यंत ही जागा त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्यामागून आलेले हेन्री ऑस्टिन ब्रूस हे गांवचे मॅजिस्ट्रेट राहिलेले, आणि त्याच डौलेस कारखान्याचे विश्वस्तही. मतदान तेव्हां उघडपणें होत असे. कोण कोणाच्या बाजूनें उभा राहिला हें धन्यापासून लपून राहणें अशक्य होतें.

१८६७ च्या कायद्यानें हें चित्र पालटलें. मर्थरच्या मतदारांची संख्या १,३८७ होती, ती एकदम १४,५७७ झाली. एका जागेच्या दोन जागा झाल्या आणि प्रत्येक मतदाराच्या हातीं दोन मतें आलीं. १८६८ च्या निवडणुकींत हेन्री रिचर्ड पुढें आले. ते शांतता संघाचे चिटणीस असून युद्धाचे कट्टर विरोधक होते. प्रस्थापित चर्चपासून वेगळ्या असलेल्या पंथांतील हे माजी धर्मोपदेशक. लोकांच्या वेल्श भाषेंत बोलणारे. त्यांना ११,६८३ मतें पडलीं. दुसरी जागा लोखंडाचे कारखानदार रिचर्ड फॉदरगिल यांना ७,४३९ मतांनीं मिळाली, आणि ५,७७६ मतें मिळविणारे ब्रूस पराभूत झाले. ग्लॅडस्टन यांनीं ब्रूस यांना गृहमंत्री केलें खरें, पण त्यांना जागा शोधावी लागली ती स्कॉटलंडांत.

या निकालांत एक मौज आहे. नव्या मतदारांनीं आपल्या मनांतील माणूस अग्रभागीं ठेवला; तरी दुसरी जागा भट्टीच्या धन्याकडेच गेली. पोटाचा आणि मनाचा असा वेगवेगळा हिशेब ठेवण्याची सोय दोन मतांमुळें झाली होती. ज्यांना अशी सोय नव्हती त्यांचे हाल झाले. त्याच निवडणुकींत जमीनदारांच्या मर्जीविरुद्ध मत दिल्याबद्दल वेल्समधील कित्येक कुळांना शेतांवरून हुसकून लावण्यांत आलें. १८६९ मध्यें रिचर्ड यांनीं हें गाऱ्हाणें कॉमन्स सभेपुढें मांडलें. गुप्त मतदानाची मागणी अशा प्रसंगांनीं बळावली आणि १८७२ मध्यें तसा कायदा झाला.

१९०० मध्यें या दोन मतांची खरी कसोटी लागली. बोअर युद्धाचा उन्माद चढला होता. अशा वेळीं त्या युद्धाचे निषेधक आणि एके काळचे खाणकामगार केअर हार्डी मर्थरमध्यें उभे राहिले. प्रेस्टन येथेंही ते उभे होते. तेथें ते पडले. मर्थरमध्यें खाणमालक डी. ए. टॉमस यांना ८,५९८, हार्डी यांना ५,७४५ व प्रिचर्ड मॉर्गन यांना ४,००४ मतें मिळालीं. पण केवळ हार्डी यांनाच मत देणारे मतदार होते अवघे ८६७! ४,४३७ जणांनीं एक मत खाणमालकाला आणि दुसरें मजुरांच्या पुढाऱ्याला दिलें होतें. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या इतिहासाचें हें महत्त्वाचें पान अशा रीतीनें बहुतांशीं 'दुसऱ्या मता'नें लिहिलें.

आपणां महाराष्ट्रीयांना हार्डी अपरिचित नसावेत. १८९२ मध्यें दादाभाई नौरोजी ज्या पार्लमेंटांत निवडून गेले, त्याच पार्लमेंटांत हार्डी प्रथम आले. पुढें १९०७ मध्यें, मर्थरचे प्रतिनिधी असतांना, ते हिंदुस्थानांत आले आणि पुण्यास लोकमान्य टिळकांना भेटले.

परंतु १९१४ मध्यें महायुद्ध सुरू झालें, आणि युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या हार्डींची सभा त्यांच्याच मतदारसंघांत, अॅबरडेअर येथें, उधळली गेली. २६ सप्टेंबर १९१५ रोजीं ते वारले. पोटनिवडणुकींत भरावयाची जागा एक, म्हणून प्रत्येकाला मतही एकच. युद्धाचे कडवे पुरस्कर्ते सी. बी. स्टँटन यांना १०,२८६ आणि मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार जेम्स विन्स्टन यांना ६,०८० मतें पडलीं. शांतीच्या उपासकांना दोनदां डोक्यावर घेणारें हेंच तें गांव! त्या वेळीं त्या गांवचे कित्येक मुलगे रणांगणावर होते, हें विसरून त्याला दोष देणें मात्र न्याय्य होणार नाहीं.

१९१८ मध्यें अॅबरडेअर वेगळें झालें व दुसरें मत इतिहासजमा झालें. १९२२ पासून मर्थर ही मजूर चळवळीची हक्काची जागा ठरली. पूर्वीं जसा कारखानदार, तसा आतां पक्ष मत गृहीत धरूं लागला. १९३४ पासून खासदार असलेले एस. ओ. डेव्हिस यांना १९७० मध्यें वयाच्या कारणावरून पक्षानें उमेदवारी नाकारली. वृद्ध डेव्हिस स्वतंत्रपणें उभे राहिले. त्यांना १६,७०१ मतें मिळालीं. पक्षाच्या उमेदवाराला ९,२३४. ज्या गांवानें धन्याची मक्तेदारी मोडली होती, त्यानें पक्षालाही आपल्या मताचा मालक होऊं दिलें नाहीं.

१९७२ मध्यें डेव्हिस वारले आणि पोटनिवडणुकींत जागा पुन्हां मजूर पक्षाकडे गेली. २०२४ मध्यें मर्थर व अॅबरडेअर पुनः एका मतदारसंघांत आलीं. पण मत आतां एकच आहे. दोन मतें असतांना धनी आणि मन या दोघांचेंही समाधान करतां येत असे. एकच मत हातीं असलें म्हणजे माणसाला निवड करावीच लागते. ती निवड नेहमींच शहाणपणाची होते असें नाहीं, हें १९१५ नें दाखविलें. पण ती करण्याचा अधिकार मतदाराचा स्वतःचा आहे, एवढें मर्थरनें १९७० मध्यें निःसंदिग्धपणें सांगितलें.